बाळंतपणानंतर जेवणच जात नाही. तुम्ही काय खाल्लंत, कसं खाल्लंत?

ऐरोलीकरीण
नमस्कार. पहिलं बाळंतपण, सिझर झालंय, आताच सव्वा महिना झाला. लेक अंगावर पिते, वजन छान वाढतंय, बालरोगतज्ज्ञ खूश आहेत. अडचण माझी आहे. मला भूकच लागत नाही. ताट समोर आलं की दोन घासांत पोट भरतं आणि तुपाचा वास आला की मळमळतं.

आई साताऱ्याहून आलीय. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, दुपारी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर तुपाची धार, चार वाजता मेथीचा लाडू आणि दूध. ती पहाटे उठून हे सगळं करते, मी अर्धं टाकलं की तिचा चेहरा उतरतो. सासूबाई कळव्याला राहतात, एक दिवसाआड येतात. त्यांच्याकडे वांगी नाही, कोबी नाही, हरभऱ्याची डाळ नाही, आंबट नाही, गार पाणी तर नाहीच. दोघींचं ऐकायचं म्हटलं की दूधभात उरतो.

रात्री तीनच्या सुमाराला बाळ पिऊन झोपलं की मात्र पोटात अशी आग पडते की रडू येतं. पण तेव्हा उठून स्वयंपाकघरात जायचं त्राण नसतं, टाके ओढतात.

मी कमी खाल्लं तर दूध कमी होईल का? आणि भूक परत यायला तुम्ही काय केलंत? मी शाकाहारी आहे, अंडी खाते. सासरी मासे खातात, मी हळूहळू शिकतेय.

नौपाड्याची_सून
आधी लेकीबद्दल अभिनंदन! आता एक सांगते. रात्री तीनला पोटात आग पडते म्हणजे तुझी भूक शाबूत आहे, ती फक्त घरातल्या जेवणाच्या वेळांना येत नाहीये. तेव्हा जेवणच तिच्या वेळेला न्यायचं. माझ्या उशाशी एक स्टीलचा डबा असायचा. त्यात राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, खजूर. शेजारी केळं आणि थर्मासमध्ये कोमट नाचणीची पेज, मीठ-जिऱ्याची. सगळं एका हाताने खाता येईल असं हवं, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. पाण्याची बाटलीही नळीवाली घे. पाजायला बसलं की दोन मिनिटांत घसा कोरडा पडतो, आणि झाकण फिरवायला हात मोकळा नसतो.

हा डबा रात्री झोपण्यापूर्वी भरायचं काम नवऱ्याचं. ते तू करायचं नाहीस.

ताकभात
डब्याला +१. आमच्याकडे तर माहेर आणि सासर दोन्हीकडून लाडू आले. शेवटी सोसायटीच्या वॉचमनकाकांना रोज एक डिंकाचा लाडू जायला लागला. माझ्याआधी त्यांच्याच अंगावर मूठभर मांस चढलं :)

घोडबंदरकर
बाबा लोकांनी लिहिलं तर चालेल ना? आमचा मुलगा आता दोन वर्षांचा आहे. बायकोचं अगदी हेच व्हायचं. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की ती कधीच गरम जेवत नव्हती. ताट वाढलं की बाळ रडायचं, ती उठायची, परत येईपर्यंत भातावरचं तूप थिजलेलं. थिजलेल्या तुपाचा भात कोणाला जाईल?

मग घरात नियम केला. बाळ पिऊन झालं की ढेकर काढायला माझ्याकडे किंवा माझ्या आईकडे, आणि ती त्याच वेळी जेवायला बसणार, मग घड्याळात अकरा वाजलेले असोत की चार. बाकीच्यांचं जेवण तिच्यानंतर. मला संध्याकाळी घोडबंदर रोडवर किती वेळ लागेल याचा नेम नसायचा, म्हणून मी सकाळची पाळी घेतली आणि संध्याकाळची आईने. आठवड्याभरात तिचं जेवण सुधारलं. पदार्थ तेच होते.

आहारवाली
मी आहारतज्ज्ञ आहे, वाशीला बसते. ऐरोलीकरीण, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याच धास्तीने बायका नको असताना ढकलतात.

दूध किती येतं ते मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. स्तन रिकामे झाले की शरीर पुढचं दूध तयार करतं. तू दोन दिवस कमी जेवलीस म्हणून दूध आटत नाही. शरीर ते तुझ्या साठ्यातून काढतं, आणि खरी काळजी तिथेच आहे. बाळाची वाढ चांगली दिसते आणि आई आतून रिकामी होत जाते. काही गोष्टी मात्र थेट आईच्या आहारावर अवलंबून असतात. बी-१२ हे त्यातलं महत्त्वाचं. शाकाहारी आईच्या अंगात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. अंडी, दूध, दही, ताक सोडू नकोस आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल नक्की विचार.

आता किती खायचं. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले ६ महिने रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, पुढचे ६ महिने ५२०. पहिल्या ६ महिन्यांत प्रथिनं सुमारे १७ ग्रॅमने वाढवायची. ऐकायला मोठं वाटतं, पण तूप लावलेली एक भाकरी, एक ग्लास दूध, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं यांत साधारण ६०० होतात. त्यासाठी दिवसभर गोड आणि तुपाळ ढकलायची गरज नाही. सकाळी खीर आणि वर डिंकाचा लाडू पोटात गेला की दुपारपर्यंत भूक लागणार कशी? तुझ्या यादीत गोड भरपूर आहे, आणि डाळ, उसळ, अंडं जवळजवळ नाहीच.

लोहाच्या गोळीने तोंडाला लोखंडी चव येते, बद्धकोष्ठ होतं, त्यानेही भूक मरते. म्हणून गोळी बंद करायची नाही. बाळंतपणानंतर १८० दिवस ती घ्यायची असते. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नकोस, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. चहासुद्धा लगेच वर नको. लिंबू चालतं, उलट त्याने लोह जास्त शोषलं जातं. आणि एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. बाळंतपणानंतर दोन्ही बिघडू शकतात, आणि थकवा, अन्न नकोसं होणं हीच लक्षणं असतात.

पाणी तहानेप्रमाणे प्यावं. तांब्याच्या तांब्या जबरदस्तीने रिचवल्याने दूध वाढत नाही, पोट मात्र भरतं.

पाचपाखाडीची_आजी
मुलींनो, लाडूंना उगीच दोष देऊ नका. माझ्या हातून घरातल्या पाच बाळंतिणींचं करून झालंय. लाडू वाईट नाहीत, ते द्यायचा क्रम चुकतोय.

सुरुवातीला बाळंतिणीचा अग्नी मंद असतो. तेव्हा मऊ भात, मेतकूट, तूप चमचाभर, मुगाचं पातळ वरण, हिंग-जिऱ्याचं. मग लसूण घालून मेथीची किंवा शेपूची भाजी, ज्वारीची भाकरी. तोंडाला चव आली, पोट साफ व्हायला लागलं की मग अळीव, आणि डिंक-मेथी सगळ्यांत शेवटी. डिंकाचा लाडू जड असतो. लिंबाएवढा एक, तोही सकाळी भूक असेल तरच. हल्लीच्या आया मायेपोटी पहिल्या आठवड्यातच सगळं एकदम भरवायला बघतात.

आणि आंबट अजिबात नको हे मला पटत नाही. आमसुलाचं सार बाळंतिणीला द्यायचंच. जेवणाआधी आल्याचा छोटा तुकडा, सैंधव आणि चार थेंब लिंबू लावून चावून खा. जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा आणि तीळ भाजून चिमूटभर. आईला सांग, आजीने सांगितलंय, खीर चार दिवस बंद.

मुलुंडपलीकडे
आजींना साष्टांग. मला सासूबाईंच्या 'नको' यादीबद्दल लिहायचंय. मला पण कोबी, फ्लॉवर, हरभरा, वाटाणा सगळं बंद होतं. तरी लेक रोज संध्याकाळी सातला रडायला लागायची ती नऊपर्यंत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, आईने कोबी खाल्ला काय, न खाल्ला काय. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. मग मी मसूर, चवळी, पावटा, सगळं खायला लागले. रडणं वाढलं नाही. माझ्या जिभेला मात्र माणसाचं जेवण मिळालं.

खारघरची_दोन_पिल्लं
मुलुंडपलीकडे, बव्हंशी सहमत, पण 'काहीच फरक पडत नाही' असं सरसकट नको म्हणूया. माझ्या धाकट्याच्या शीत रक्त आणि चिकट आव दिसायला लागली. डॉक्टरांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी वाटली, मला दूध, दही, पनीर सगळं थांबवायला सांगितलं आणि दोन-तीन आठवड्यांत तो बरा झाला. अशी बाळं थोडीच असतात. पण शीत रक्त, सतत उलट्या, अंगावर पुरळ, वजन थांबणं यातलं काही दिसलं तर घरी पथ्य करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दूध थांबवलंच तर कॅल्शियम कुठून येणार तेही तिथेच विचारून घ्या. मला नाचणी, तीळ आणि गोळीवर काढावं लागलं.

आगरी_कट्टा
मासे शिकतेयस म्हणून सांगतो, बाय. आमच्याकडं उलव्याला बाळंतिणीला मुडदुश्यांचं पातळ कालवण देतात, सोबत तांदळाची भाकरी. मुडदुसा म्हणजे हलका, पांढऱ्या मांसाचा मासा, काटे कमी, पचायला सोपा. तिखट अगदी बेताचं, लसूण जास्त, कोकम. त्याचा नुसता रस्सा वाटीभर प्यायला तरी तोंडाची चव परत येते. माझ्या आईने घरातल्या सगळ्या सुनांना दिलाय. सकाळी दिवाळे गावच्या बाजारात ताजा मिळतो, नाहीतर ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात विचारायला सांग नवऱ्याला. मोरीचंही देतात, दूध यायला.

आहारवाली
मुडदुशे, बोंबील, मांदेली, तारली, बांगडा अगदी बिनधास्त. प्रथिनं चांगली, आणि बांगडा-तारलीत बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३. मोरीबद्दल मात्र मी नाही म्हणेन. मोरी म्हणजे शार्क. दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगात पारा साठतो आणि तो दुधातून बाळाकडे जातो. म्हणून पाजणाऱ्या आईने शार्क टाळावा असं सांगितलं जातं.

आगरी_कट्टा
आमच्याकडं मोरीची बारकी पिल्लंच खातात, आणि पिढ्यानपिढ्या खाल्लीत. पण तुमचं म्हणणं कळलं. बाळाचा विषय आहे, तेवढे महिने मुडदुश्यांवर भागवू. ते तर अजून चवदार.

चिंचपोकळीची_आता_कोपरीची
अळीव, डिंक, खारीक कुठून आणता सगळे? मला पुढच्या महिन्यात बहिणीसाठी करायचंय.

ताकभात
वाशीचं मसाला मार्केट. जास्त घ्यायचं असेल तर तिथेच जा. थोडंसंच हवं असेल तर जांभळी नाका, तुला कोपरीहून जवळ पडेल. डिंक बाभळीचा माग, फुलवून बघायला चार खडे घे. आणि अळीव निवडून घे गं, खडे असतात.

पाचपाखाडीची_आजी
अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, दुधात नाही. मग ओलं खोबरं आणि गूळ. मऊ होतात लाडू.

रात्रपाळी_परिचारिका
कामावरून घरी येऊन वाचतेय. मी प्रसूती विभागात आहे. लाडवांच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहिते.

ऐरोलीकरीण, तू लिहिलंस की रडू येतं. पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, चिडचिड होणं अगदी सर्रास असतं आणि आपोआप जातं. पण दोन आठवड्यांनंतरही रोज उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येत नसेल, आवडीचं खाणंही मातीसारखं लागत असेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलते विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. बाळाला पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं असतात. आमच्याकडे अशा बाईला घरचे 'खात नाही' म्हणून घेऊन येतात. सगळे ताटाबद्दल बोलत असतात आणि ती खाली मान घालून बसलेली असते. आम्ही दहा साध्या प्रश्नांची एक चाचणी घेतो, पाच मिनिटं लागतात. तुझ्या डॉक्टरांकडे नसेल तर मागून घे. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

तुला तसं असेलच असं मी म्हणत नाहीये. फक्त स्वतःला एकदा विचार.

ऐरोलीकरीण
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून खरंच शांत बसून विचार केला. उदास नाही वाटत. बाळ हसलं की बरं वाटतं, दुपारी झोप लागते. रडू येतं ते रात्रीच्या भुकेनेच. पण तो क्रमांक मी नवऱ्याच्या फोनमध्येही घालून ठेवलाय.

आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. आजींचा प्रतिसाद ऐकून म्हणाली, 'माझी आईपण असंच म्हणायची, आधी मेतकूट-भात.' आज खीर केली नाही. तपासण्या उद्या.

शहापूरची_ताई
मी अंगणवाडीत काम करते. तुमचं सगळं वाचलं, चांगलं वाटलं. आमच्या पाड्यांवर लाडू हा विषयच नाही. तिथे बाळंतीण आठ-दहा दिवसांत कामाला लागते आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवते, उरलं तर. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा बायकांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. ते अंगणवाडीत बसून खायचं. याचं कारण आम्ही रोज बघतो. डबा घरी नेला की तो मुलांत आणि नवऱ्यात वाटला जातो. समोर बसून खाल्लं तरच तिच्या पोटात जातं.

घोडबंदरकरांनी जे लिहिलंय, बाकीचे तिच्यानंतर जेवतील, ते प्रत्येक घरात झालं तर आमचं अर्धं काम होईल. शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर तिला अंगणवाडीत नाव घालायला सांगा. पाजणाऱ्या आईला तिथून घरी न्यायचा शिधा मिळतो. पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

नौपाड्याची_सून
शहापूरची ताई, हे आजच आमच्या मावशींच्या सुनेला सांगते. तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. मला खरंच माहीत नव्हतं.

तुर्भेवाली
पुढचा प्रश्न. माझी रजा संपत आलीय. आता कुठे नीट जेवायला लागले होते, ऑफिस सुरू झालं की परत बोंब. कोणी केलंय का?

मुलुंडपलीकडे
केलंय. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवडे रजा आहे, पहिल्या दोन मुलांसाठी. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि तिथे बाळाला भेटायला दिवसातून चार वेळा जाऊ द्यायला हवं. एचआरला लेखी विचार, तोंडी नको.

जेवणाचं म्हणशील तर मी दोन डबे न्यायचे. एक जेवणाचा, दुसरा फक्त दूध काढताना खायचा, उकडलेलं अंडं किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ. दूध काढल्यावर सडकून भूक लागते आणि तेव्हा समोर काही नसलं की कँटीनचा वडा. संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत चढण्याआधी केळं खाऊन घ्यायचे. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत रिकाम्या पोटी उभं राहिलं की चक्कर येते.

ऐरोलीकरीण
तपासण्या आल्या. थायरॉइड ठीक आहे, हिमोग्लोबिन मात्र कमी, साडेनऊ. डॉक्टर म्हणाल्या, थकवा आणि अन्न नको वाटणं यामुळे असू शकतं. गोळी बदलून दिलीय, बी-१२ पण सुरू केलंय.

जेवणाचं आता असं आहे. सकाळी गरम पेज आणि लिंबाचं लोणचं, नऊला अंडं आणि भाकरी. दुपारी आमसुलाचं सार, मऊ भात, उसळ. लाडू आई आता लिंबाएवढा वळते. नवरा रात्री डबा भरून ठेवतो. काल त्यात त्याने न सांगता सोललेलं डाळिंब ठेवलं होतं! सासूबाईंना बांगड्याचं विचारलं तर इतक्या खूश झाल्या की आंबट नको हे विसरून स्वतःच कोकम घेऊन आल्या. वाटीभर रस्सा गेला. ताट अजून पूर्ण संपत नाही, पण अकरा वाजता आपण होऊन 'आई, काही आहे का खायला?' असं विचारलं.

पाचपाखाडीची_आजी
शाब्बास. आता कुळथाचं कढण सुरू कर.

चिंचपोकळीची_आता_कोपरीची
आजी, प्रमाण द्या ना.

पाचपाखाडीची_आजी
वाटीभर कुळीथ रात्रभर भिजव, फडक्यात बांधून मोड काढ. चार वाट्या पाणी घालून कुकरला मऊ शिजव. वरचं पाणी वेगळं काढ, तेच कढण. त्यात थोडे शिजलेले कुळीथ वाटून घाल म्हणजे दाटपणा येतो. तुपात जिरं, हिंग, चार-पाच लसणीच्या पाकळ्या ठेचून, लाल होऊ दे. कढण ओत, दोन आमसुलं, गुळाचा खडा, मीठ, एक उकळी. गरम वाटीतून प्यायचं किंवा भातावर. उरलेले कुळीथ टाकू नको, कांदा-खोबरं घालून घरच्यांना उसळ कर. आणि वाफ येतेय तोवर बाळंतिणीच्या हातात दे.